मुंबई इलाख्यात शेतसारा कमी करून मागणारा खातेदार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरातील जुन्या दप्तरात साऱ्याच्या सुटीसाठी केलेल्या अर्जाची नक्कल सापडली, की तिच्यातील शब्दांविषयी आणि त्या अर्जाच्या पुढच्या प्रवासाविषयी बहुधा हेच प्रश्न पडतात. पुढील उत्तरे मुख्यतः १८१८ ते १९४७ या काळातील दख्खन आणि कोकणच्या जिल्ह्यांना धरून आहेत. गुजरातचा उल्लेख येतो तो ते जिल्हेही त्याच इलाख्यात आणि त्याच कायद्याखाली होते म्हणून.

असा अर्ज करणारा कोण असे? जमिनीचा मालक, की सरकारचे कूळ?

रयतवारी पद्धतीत सरकारचा व्यवहार थेट खातेदाराशी होता. प्रत्येक सर्व्हे नंबरावर ठरावीक आकार, म्हणजे वार्षिक साऱ्याची रक्कम, बसवलेला असे आणि तो भरण्याची जबाबदारी ज्याच्या नावावर खाते त्याची असे. तो आकार भरत असेतो जमीन त्याच्याकडे वंशपरंपरेने राहत असे आणि ती विकण्याची किंवा गहाण टाकण्याचीही त्याला सर्वसाधारणपणे मुभा असे. सारा थकला तर मात्र कब्जाच सरकारजमा होऊ शकत असे. सारा हा कर आहे की सरकारला द्यावयाचा खंड आहे, हा वाद इंग्रजी अमदानीत अखेरपर्यंत चालला. खातेदाराच्या दृष्टीने त्याचा अर्थ एवढाच होता, की रक्कम ठरवण्याच्या वेळी सरकार जमीनधन्यासारखे वागे आणि वसुलीच्या वेळी राज्यकर्त्यासारखे.

एखाद्या नंबराचा आकार कसा ठरवला जात असे?

हे समजून घेतल्याशिवाय जुना अर्ज वाचता येत नाही, म्हणून येथे थोडे सविस्तर सांगणे भाग आहे. गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्यांच्या १८४७ च्या संयुक्त अहवालाने जी पद्धत पक्की केली, तिच्यात दोन स्वतंत्र कामे होती. एक, गावांचे गट पाडून प्रत्येक गटासाठी कमाल दर ठरवणे. पाऊस, बाजारपेठेचे अंतर, रस्ते आणि लागवडीची एकंदर स्थिती पाहून हा दर सुचवला जाई आणि सरकार तो मंजूर करी. दुसरे, प्रत्येक शेताची प्रतबंदी, म्हणजे मातीच्या गुणांप्रमाणे वर्गवारी, करणे.

मोजणी ३३ फुटांच्या साखळीने होई. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर, हा हिशेब आजही सातबाऱ्यावर चालू आहे. प्रतबंदी करणारा कारकून शेताचे भाग पाडून प्रत्येक भागात माती किती खोल आहे ते खणून पाही. काळी, तांबूस आणि बरड अशा मातीच्या तीन जाती, प्रत्येक जातीत खोलीप्रमाणे प्रती, आणि एकंदर नऊ वर्ग असत. त्यांची किंमत आण्यांत मांडली जाई: १६, १४, १२, १०, ८, ६, ४॥ (साडेचार), ३ आणि २. मातीत चुनखडीचे खडे असले, वाळू मिसळलेली असली, जमीन उताराची असली किंवा पाणी धरून चिबड होत असली, तर तो दोष खुणेने नोंदवून शेत एक किंवा अधिक वर्ग खाली उतरवले जाई.

एक कल्पित हिशेब करून पाहू. गटाचा कमाल दर एकरी १ रुपया आहे आणि २० एकरांचे शेत ८ आण्यांच्या वर्गात धरले आहे, तर आकार १० रुपये होतो. त्याच शेतात उताराचा एक दोष मान्य झाला, तर वर्ग ६ आण्यांवर येतो आणि आकार ७ रुपये ८ आणे होतो. खातेदाराचे वर्षाला अडीच रुपये वाचत, आणि तेही पुढील ३० वर्षे, म्हणजे आकारणीची मुदत संपेपर्यंत. प्रतिबुकातल्या (प्रतबंदीच्या नोंदवहीतल्या) त्या एका खुणेसाठी शेतकरी कारकुनाच्या मागेमागे का फिरत असे, हे यावरून लक्षात यावे.

मग सारा कमी करून मागण्याचे कोणते कारण खरोखर चालत असे?

जमिनीविषयीची वस्तुस्थिती चुकीची नोंदवली गेली आहे, हे कारण सर्वांत भक्कम होते. क्षेत्र जास्त लागले आहे, खडकाचा किंवा ओढ्याचा भाग पोटखराब्यात (लागवडीस निरुपयोगी क्षेत्रात) न धरता लागवडीत धरला आहे, शेजारच्या नंबराचा तुकडा आपल्या नंबरात आला आहे, अशी तक्रार जागेवर तपासता येई आणि खरी ठरली तर दुरुस्त करता येई. नदीने जमीन तोडून नेली तर १८७९ च्या जमीन महसूल कायद्यातच सोय होती: वाहून गेलेला भाग अर्ध्या एकरापेक्षा कमी नसेल, तर त्या प्रमाणात आकार कमी होण्याचा खातेदाराला हक्क होता. भीमा, कृष्णा किंवा गोदेच्या काठच्या गावांच्या कागदांत अशा मागण्या दिसल्या तर नवल वाटू नये.

दर जास्त आहे, कुटुंब मोठे आहे, कर्ज झाले आहे, बैल मेले आहेत, ही कारणे अर्जात जवळजवळ नेहमी लिहिलेली असतात. त्यांवर दया दाखवली जाऊ शकत होती, पण आकार बदलत नव्हता. अर्ज वाचताना मजकुरातील विनवणी आणि कायद्याला लागू पडणारे एखादेच वाक्य यांची फारकत करावी. पुष्कळदा ते एक वाक्य तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात दडलेले असते.

दरच अन्यायाचा आहे म्हणून दिवाणी कोर्टात दावा करता येत नव्हता का?

तसा प्रयत्न झाला होता. उत्तर कानड्यातील वैकुंठ बापूजी यांनी वाढीव आकारणीविरुद्ध मुंबई सरकारवर दावा लावला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की जुन्या परंपरेने सारा कायम ठरलेला आहे आणि तो वाढवण्याचा अधिकार सरकारला नाही. १८७५ मध्ये मुंबई हायकोर्टाने निकाल सरकारच्या बाजूने दिला. त्यानंतर लगेच, १८७६ च्या महसूल अधिकारितेच्या कायद्याने, सरकारने मंजूर केलेल्या आकाराच्या रकमेविषयीचे आक्षेप दिवाणी कोर्टांच्या कक्षेबाहेर काढण्यात आले. दावा जिंकूनही सरकारला तो दरवाजा बंद करावासा वाटला, यातच बरेच काही आले.

यापुढे दराविषयीची तक्रार ज्या खात्याने दर ठरवला त्याच खात्यातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे नेणे, एवढेच खातेदाराच्या हाती उरले.

अर्ज कोणाकडे जाई आणि त्याला खर्च किती येई?

वाट मामलेदारापासून सुरू होऊन प्रांत, कलेक्टर, कमिशनर आणि शेवटी मुंबई सरकार अशी वर चढे. मामलेदार अर्ज पाटील-कुलकर्ण्यांकडे खुलाशासाठी खाली पाठवी, त्यामुळे ज्याच्या नोंदीविरुद्ध तक्रार त्याचाच शेरा तिच्यावर पहिला येई.

१८७० च्या कोर्ट फी कायद्याप्रमाणे, सरकारशी थेट करार असलेल्या खातेदाराने त्या कराराविषयीच महसूल अधिकाऱ्याकडे केलेल्या अर्जाला एक आण्याचे तिकीट पुरे. जमीन सोडून देण्याच्या अर्जाला तर तिकीटच माफ होते. तिकीट स्वस्त असले तरी अर्ज लिहून देणाऱ्याची मजुरी, तालुक्याच्या गावी घालवावे लागणारे दिवस आणि वाटेत द्यावे लागणारे हात ओले करण्याचे पैसे यांचा हिशेब कोणत्याही कायद्यात नाही.

‘सूट’ आणि ‘तहकुबी’ यांत फरक काय?

तहकुबी म्हणजे या वर्षीची वसुली पुढे ढकलणे. सूट म्हणजे ती रक्कम माफ करणे. दोन्हींचा नंबराच्या आकारावर काहीही परिणाम होत नाही, पुढच्या वर्षी आकार जसाच्या तसा उभा राहतो. जुन्या कागदांत हे शब्द सैलपणे वापरलेले आढळतात आणि घरातील माणसे ‘आजोबांनी सारा माफ करून घेतला’ असे सांगतात तेव्हा प्रत्यक्षात बहुधा तहकुबी झालेली असते. वसुलबाकीच्या पत्रकात पुढच्या दोन-तीन वर्षांत ‘मागील बाकी’ म्हणून तीच रक्कम पुन्हा दिसली, तर ती तहकुबीच होती असे समजावे.

सरकारचे धोरण तत्त्वतः असे होते, की ३० वर्षांचा आकार बऱ्या-वाईट वर्षांची सरासरी धरून ठरवलेला आहे, तेव्हा चांगल्या वर्षी शेतकऱ्याने साठवावे आणि वाईट वर्षी त्यातून भरावे. हा युक्तिवाद कागदावर बिनतोड आहे. इंदापूर किंवा माण या भागांत चांगली वर्षे किती येत, आणि आली तरी त्या वर्षीचे धान्य सावकाराच्या खळ्यावरून पुढे किती जाई, हे विचारले की तो तितकासा बिनतोड राहत नाही.

आणेवारीचा याच्याशी संबंध काय?

तहकुबी एकेका शेताची हानी पाहून न देता गावाची आणेवारी पाहून दिली जाई. सर्वसाधारण पीक १६ आणे धरून या हंगामात किती आणे पीक आले, याचा अंदाज महसूल खाते ठरवी. पीक ४ आण्यांपर्यंतच असेल तर पूर्ण तहकुबी, आणि ४ ते ६ आण्यांच्या दरम्यान असेल तर निम्मी, असा नियम होता. त्यामुळे सगळा झगडा आकड्यावर येऊन ठेपे. १९१८ च्या खेडा जिल्ह्यातील सत्याग्रहाचे मूळ हेच होते: शेतकऱ्यांच्या मते पीक चार आण्यांच्या आत होते, सरकारी आणेवारी त्याहून वर होती. जूनमध्ये तडजोड झाली ती ऐपतदारांनी भरावे आणि गरिबांची वसुली तहकूब राहावी अशी. आणेवारी कोणी, कशी आणि कोणाच्या देखत काढावी, हा मूळ प्रश्न तसाच राहिला.

सारा भरलाच नाही तर काय होई?

मागणीची नोटीस येई, थकबाकीवर तिच्या एक चतुर्थांशापर्यंत दंड बसे, आणि त्यापुढे जंगम मालाची जप्ती, कब्जा सरकारजमा करणे, स्थावराचा लिलाव, प्रसंगी थकबाकीदाराला अटक, असे उपाय कायद्यात होते. अर्ज चालू आहे म्हणून वसुली थांबत नसे. म्हणूनच अनुभवी खातेदार आधी हप्ता भरून, पावती जोडून, मग तक्रार करी.

जमीन सोडून देणे हा सारा कमी करण्याचा मार्ग होता काय?

होता, आणि सुरुवातीच्या काळात तो सर्वांत परिणामकारक होता. खातेदाराला ठरलेल्या मुदतीत राजीनामा देऊन एखादा नंबर सरकारला परत करता येई आणि पुढच्या वर्षापासून त्याचा सारा त्याच्यावर राहत नसे. पडीक जमीन विपुल होती तोवर ही खरी धमकी होती, कारण शेतकरी उठून शेजारच्या संस्थानात गेला तर सरकारचा वसूलच बुडे. मराठेशाहीतही पडीक गाव वसवताना कौल देऊन इस्ताव्याने, म्हणजे पहिल्या वर्षी थोडा आणि पुढे चढत जाणारा, सारा घेतला जाई. त्यामागचे कारणही हेच होते. लोकसंख्या वाढली, जमिनीला किंमत आली, आणि राजीनाम्याची धमकी पोकळ झाली. नंबर सोडला तर तो घ्यायला दुसरा कोणी, बहुधा सावकारच, उभा असे.

एवढा मोठा सारा सरकारने आपणहून कधी कमी केला आहे काय?

इंदापूर तालुक्याचे उदाहरण यासाठी नेहमी दिले जाते. १८२० च्या दशकाच्या अखेरीस प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याने पुणे भागात पाहणी करून निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा घ्यावा असे सूत्र लावले. सूत्र पुस्तकी होते, हाताखालच्या लोकांनी केलेली मोजणी आणि उत्पन्नाचे अंदाज सदोष होते, आणि पैसे घेऊन प्रती बदलल्या गेल्या. काही वर्षांतच बाकी साचली, गावे ओस पडू लागली. गोल्डस्मिड आणि विंगेट यांना तेथे पाठवावे लागले आणि १८३६ मध्ये बऱ्याच कमी दराने ३० वर्षांची नवी आकारणी झाली. त्यानंतर लागवडीखालचे क्षेत्र वाढले.

या प्रकरणाचा दुसरा अंक तितका सांगितला जात नाही. मुदत संपल्यावर १८६७ मध्ये त्याच इंदापुरात फेरआकारणी झाली, तेव्हा अमेरिकेतील यादवी युद्धामुळे चढलेल्या कापसाच्या आणि धान्याच्या भावांची छाया हिशेबावर होती. वाढ ५० टक्क्यांहून अधिक झाली. लवकरच भाव उतरले, सारा मात्र चढलेला राहिला. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुप्यापासून सावकारांविरुद्ध दंगे सुरू झाले, त्यांची कारणे शोधताना या वाढीवरही बोट ठेवले गेले. दंग्यांचे सगळे खापर साऱ्यावर फोडणे योग्य नाही, कारण कर्जाचा डोंगर त्याआधीचा होता, पण हप्ता भरण्यासाठी पुन्हा त्याच सावकाराच्या दारात जावे लागत होते, हे विसरता येत नाही.

फेरआकारणीत वाढ किती व्हावी याला मर्यादा होती का?

१८७४ च्या ऑक्टोबरात मुंबई सरकारने ठराव करून मर्यादा घातली: तालुक्यावर किंवा गावांच्या गटावर ३३ टक्के, एका गावावर ६६ टक्के आणि एका खात्यावर १०० टक्के. इंदापुरासह काही तालुक्यांतील आधीची वाढही कमी करण्यात आली. एका खातेदाराचा सारा दुप्पट होऊ शकतो, हे ज्या मर्यादेत बसते तिला दिलासा म्हणावे की नाही, हे वाचकांनी ठरवावे.

विहीर काढली किंवा ताल (शेताचा बांध) घातली तर सारा वाढे का?

खातेदाराने स्वखर्चाने केलेल्या सुधारणेमुळे वाढलेल्या उत्पन्नावर फेरआकारणीत सारा वाढवू नये, असे १८७९ च्या कायद्यात होते. मात्र जमिनीखाली पाणी जवळ असणे हा जमिनीचा नैसर्गिक गुण धरून तिचा वर्ग वर चढवता येई. विहीर माझी, तिच्यातले पाणी सरकारचे, असा हा मामला असल्याने तक्रारी होत.

खारजमिनीला कमी सारा असे म्हणतात, ते खरे आहे काय?

होय. ठाणे, कुलाबा आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावर खाडीचे पाणी बांध घालून अडवून जी जमीन लागवडीला आणली जाई, तिला पहिली १० वर्षे सारा माफ आणि पुढील २० वर्षे एकरी ४ आणे, अशा अटींवर पट्टा मिळे. नंतर नेहमीची आकारणी होई. बांध फुटला की सगळे मुसळ केरात, म्हणून ही सवलत उदार वाटली तरी जोखीम सर्वस्वी पट्टेदाराची होती.

आमची जमीन खोतीची किंवा इनामाची होती. आमचे पूर्वज असा अर्ज करू शकत होते का?

खोती गावात सरकार खोताकडून वसूल घेई, त्यामुळे सुटीचा अर्ज खोताचा असे आणि कुळाची मागणी खोताकडे असे. सरकारने दिलेली सूट कुळापर्यंत पोहोचत नाही, ही तक्रार जुनी आहे. पुढे कायद्यात तशी सक्ती घालावी लागली. इनामावर पूर्ण साऱ्याऐवजी जुडी, म्हणजे सवलतीचा कमी सारा, असे. तिच्याविषयीचे कागद सनदा आणि इनाम चौकशी यांच्या दप्तरात पाहावेत.

मुंबई शहरातील ‘फोरस’ जमिनींचे काय?

तो निराळा विषय आहे. मुंबईचे गव्हर्नर हॉर्नबी यांच्या बांधामुळे वर आलेल्या खाजणातील तुकडे लोकांनी नाममात्र फोरसावर, म्हणजे खंडावर, लागवडीस घेतले होते. शहर वाढल्यावर सरकारने आपला हक्क पुढे केला, धारकांनी दीर्घकाळच्या वहिवाटीचा, आणि १८५१ च्या कायद्याने तो वाद मिटवला गेला. मुंबई शहराला १८७९ चा कायदा लागू नव्हता. तेथे १८७६ चा स्वतंत्र कायदा होता.

एकट्याच्या अर्जापेक्षा एकत्र तक्रारीचा उपयोग होई काय?

कागद पाहता, दराच्या बाबतीत उपयोग झाला तो बहुतेक एकत्र तक्रारीचाच. पुणे सार्वजनिक सभेने १८७० नंतर शेतकऱ्यांच्या स्थितीची चौकशी करून सरकारकडे निवेदने दिली. १८९६-९७ च्या दुष्काळात सभेच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव जाऊन सूट आणि तहकुबीचे नियम समजावून सांगितले, आणि टिळकांनी ‘केसरी’तून शेतकऱ्यांना भांडीकुंडी विकून सारा भरू नका असे बजावले. सरकारचेच नियम सरकारच्याच रयतेला वाचून दाखवणे एवढे झोंबले, की १८९७ मध्ये सभेची सरकारदरबारी असलेली मान्यता काढून घेण्यात आली.

बारडोलीत १९२८ मध्ये जे घडले ते आकड्यांतच पाहावे. आकारणी अधिकाऱ्याने सुमारे ३० टक्के वाढ सुचवली होती. सरकारने ती २२ टक्के केली. सत्याग्रहानंतर ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल या दोन सरकारी अधिकाऱ्यांनीच चौकशी केली आणि वाढ जेमतेम ६ टक्के समर्थनीय ठरवली. ज्या खंडाच्या आकड्यांवर मूळ शिफारस उभी होती, ते गावात जाऊन नीट पडताळलेच नव्हते, हे त्या चौकशीत उघड झाले. एखाद्या खातेदाराने हीच गोष्ट एक आण्याच्या तिकिटावर लिहून दिली असती, तर तिच्यावर ‘दखल घेण्याचे कारण दिसत नाही’ या अर्थाचा शेरा पडला असता, असे म्हणायला हरकत नाही.

आजच्या सातबाऱ्यावरील आकार तोच जुना आहे का?

अनेक गावांत ‘आकार’ या रकान्यातील रुपये-पैसे त्या जुन्या आकारणीतूनच आलेले आहेत. आणेवारीची जागा पैसेवारीने घेतली आणि ५० पैशांच्या आतील गावांना दुष्काळी सवलती देण्याचा हिशेबही त्याच वळणाचा आहे.

पूर्वजांच्या अर्जाचा निकाल कोठे शोधावा?

प्रथम तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात टिपण (मोजणीची नोंद), प्रतिबुक आणि जुना आकारबंद (नंबरवार क्षेत्र आणि आकाराचे पत्रक) मागावा. दोन वेगवेगळ्या काळांतील आकारबंद शेजारी ठेवून त्या नंबराचे क्षेत्र, पोटखराबा आणि आकार ताडून पाहिला, की अर्ज मंजूर झाला होता की नाही हे हुकूम हाती नसतानाही पुष्कळदा कळते: क्षेत्र तेच राहून पोटखराबा वाढला असेल आणि आकार उतरला असेल, तर तक्रार मान्य झालेली असते. वरिष्ठांकडे गेलेल्या प्रकरणांसाठी मुंबई आणि पुणे येथील पुराभिलेखागारांत महसूल खात्याची दप्तरे पाहावी लागतात. गावपातळीवरचे जुने कागद बहुतांशी मोडीत आहेत, म्हणून जाण्यापूर्वी गावाचे जुने नाव, त्या वेळचा तालुका आणि जुना सर्व्हे नंबर लिहून न्यावा. गट नंबर पुढे एकत्रीकरणात पडलेले असल्याने त्यांवरून जुने कागद सापडत नाहीत.